उसनं परस

बसवनगुडी, बंगळूर
११ जुलै १९९३

श्रीमती कस्तुरीताईंना कृष्णाजीचा नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका. मुंबईत अंजली आणि निहारराव दोघंही मजेत आहेत. हे पत्र मुलांबद्दल नाहीच. विहीणबाईंकडे काही मागायचं आहे. लग्नात तुम्ही आमच्याकडून एक सुपारीसुद्धा जास्तीची मागितली नाहीत, म्हणून दोन वर्षांनी मुलीचा बापच मागायला बसला आहे. उलटी गंगा म्हणा हवं तर.

आमचा रस्ता जिथे संपतो तिथे एक तिकोनी जागा उरलेली आहे. कुठल्याच घराची नाही, म्हणून सगळ्यांच्या कचऱ्याची. एप्रिलात आम्ही अकरा घरांनी मिळून ती उपसली. तीन रविवार गेले. फुटकी मडकी, सायकलचं चाक, एक अख्खं पलंगाचं डोकं निघालं. आता तिथे बाग करायची आहे. महापालिकेच्या कचेरीतून उत्तर आलं, करा, पण माळी मागू नका. म्हणून एकेका घराने पाण्याची पाळी घ्यायची असं ठरलं. समोरच्या नागराजने आणखी एक टूम काढली. प्रत्येक घराने आपापल्या गावाहून एक झाड आणायचं. त्याने स्वतः मंड्याच्या शेतातून केळीचा कोंब आणून लावलासुद्धा.

मी काय आणू? आमचे खापरपणजोबा कुठल्याशा सरदाराच्या पदरी इकडे आले आणि मागचं गाव विसरून गेले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि गाव विचारलं की बसवनगुडी! सदतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून लोकांच्या जमिनींचे नकाशे काढले, पण स्वतःचं गाव काही सापडलं नाही. अंजली आली की तुमच्या परसाचं सांगत बसते. तेव्हा चार बिया पाठवाल का? तुमचं गाव मला उसनं द्या.

आपला,
कृष्णाजी

सांगली
२८ जुलै १९९३

श्री. कृष्णाजीरावांना नमस्कार.

गाव खुशाल न्या, आणि परत करायची काळजी करू नका. सोबत दोन पुड्या आहेत. मोठ्या काळ्या बिया गुलबक्षीच्या, बारीक अबोलीच्या. अबोलीची पुडी हलक्या हाताने उघडा, शिंकलात तर गाव उडून जाईल.

हे गेले तेव्हा तुम्ही दोघं आला होतात, पण ओसरीवरूनच परतलात. तसल्या वेळी मागे कोण जाणार? आमचं घर पुढून पाहिलं तर कुणी वळूनही पाहणार नाही. जे आहे ते मागे. स्वयंपाकघराचं दार उघडलं की डाव्या हाताला पारिजातक, उजव्या हाताला कागदी लिंबू, दाराशी मोरीच्या पाण्यावर अळू. मधून पायवाट, आणि वाटेच्या टोकाला, अगदी दारासमोर, विहीर.

ह्यांची सकाळ त्या विहिरीच्या कठड्यावर जायची. शाळेत गणित शिकवत, जन्मभर घड्याळ पाहून तास घेतले, पण तिथे बसले की वेळेचं भान नाही. मी दारातून हाक मारायची, “चहा झालाय!” पहिल्या हाकेला मान वर. दुसऱ्या हाकेला नुसतं हसू. तिसऱ्या हाकेला उठायचे, तोवर चहावर साय. चाळीस वर्षं मी त्यावरून कटकट केली. एवढं काय पाहता हो तिथून, असं विचारलं तर म्हणायचे, “बाग.” बाग तर मला दारातूनही दिसत होती!

असो. म्हातारीला बागेबद्दल विचारलंत की असं होतं. प्रमोदिनीताईंना नमस्कार सांगा.

कस्तुरी

बंगळूर
१९ सप्टेंबर १९९३

कस्तुरीताई,

गुलबक्षी उगवली! अबोलीही उगवली, पण ती जरा विचार करून उगवली. संध्याकाळी पाचला गुलबक्षी उमलते तेव्हा अकरा घरांतले निम्मे लोक कुंपणाशी येऊन उभे राहतात. काल नागराजने स्कूटर बंद करून दहा मिनिटं पाहिलं, मग “सरी”, म्हणजे ठीक, एवढंच म्हणाला आणि घरी गेला. ह्याहून मोठी पावती त्याच्याकडून मिळायची नाही.

बागेला नळ मिळाला आहे. नळाच्या कोपऱ्यात गंगव्वा बसते. गजरे विकते, जमखंडीकडची, मराठी-कन्नड एकत्र कालवून बोलते. तिने तुमची अबोली पाहिली आणि म्हणाली, “अण्णा, ही आमच्या बाजूची हाय.” मला उगीच अभिमान वाटला, जणू मीही कुठल्यातरी बाजूचा आहे.

एक सांगतो, हसू नका. पहाटे मी बागेत बसतो तेव्हा धुकं असतं, रस्ता दिसत नाही. तुम्ही लिहिलेली पायवाट मग मला दिसते. कधी न पाहिलेल्या घराच्या परसात मी चाललोय असं वाटतं, आणि पाय ओले होतात.

कृष्णाजी

ता. क. मी प्रमोदिनी. पाण्याच्या पाळीचा फळा लिहिताना मी गुरुवार तुमच्या नावावर टाकला आहे. तुमची झाडं, मग तुमची पाळी नको? तुमच्या वतीने हे पाणी घालतील.

सांगली
१८ जून १९९४

कृष्णाजीरावांना नमस्कार.

बरेच महिने लिहिलं नाही, राग नसावा. पुढच्या शनिवारी रात्रीच्या बंगळूर गाडीच्या ड्रायव्हरकडे दोन पोती देते आहे. माणूस भला आहे, ह्यांचा विद्यार्थी. रविवारी सकाळी स्टँडवर जाऊन उतरवून घ्या. पोती आडवी करू नका.

त्यात लिंबाची गुटी आहे, मूळ धरलेली. पारिजातकाचं रोप आहे, मोठ्या झाडाखाली आपोआप आलेलं, गुडघ्याएवढं. अळूचे कंद, कर्दळ, गवती चहाचं ठोंब, आणि चिंध्यांत बांधलेल्या मोगऱ्याच्या फांद्या.

आता नीट वाचा. झाडं वाटेल तिथे लावू नका. दारातून आत पाहत उभं राहिलं की पारिजातक डाव्या हाताला, दारापासून नऊ पावलांवर. माझी पावलं, तुमची सात धरा. लिंबू उजव्या हाताला, थोडं पुढे. मोगरा पारिजातकाच्या पलीकडे, त्याच्या सावलीत नको. अळू दाराशी, जिथे पाणी सांडतं तिथे. मधली वाट मोकळी ठेवा. विहीर काही पाठवता येत नाही, पण वाटेच्या टोकाला, दारासमोर, बसायला काहीतरी ठेवा.

एवढं अगत्याने सांगते आहे, तर हसू नका. झाडांनाही शेजार लागतो.

कस्तुरी

बंगळूर
५ जुलै १९९४

कस्तुरीताई,

पोती उभीच आली. ड्रायव्हरने स्वतःच्या सीटमागे ठेवली होती आणि हावेरीला त्यांच्यावर पाणीही शिंपडलं होतं.

तुमच्या पत्राचा मी चक्क नकाशा काढला. बागेला गेट अजून बसायचं आहे, ते नळाजवळ बसेल. तेव्हा नळ म्हणजे तुमचं स्वयंपाकघराचं दार असं धरलं, तिथे उभा राहिलो आणि सात पावलं मोजली. पारिजातक डावीकडे, लिंबू उजवीकडे, नळाच्या ओघळावर अळू. समोर टोकाला, तुमच्या विहिरीच्या जागी, दगडी बाक ठेवला. नागराजच्या चौघा भाच्यांनी उचलून आणला. एक इंच इकडचं तिकडे झालेलं नाही. ड्राफ्ट्समनचं काम आहे!

रात्री मी तो नकाशा प्रमोदिनीला कौतुकाने दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “अहो, तुम्हाला कळत कसं नाही? ही बाई परस आवरते आहे.” कस्तुरीताई, व्याह्याने विचारू नये असं असेल तर उत्तर देऊ नका. पण घराचं काही चाललं आहे का?

कृष्णाजी

सांगली
२४ जुलै १९९४

कृष्णाजीराव,

प्रमोदिनीताईंपुढे काही लपत नाही.

घर द्यायचं ठरलं आहे. तिथे तीन मजली इमारत होईल. विहीर बुजवतील, परसात गाड्या लागतील. दिवाळीला मी मुंबईला मुलांकडे जाते. चौथा मजला आहे, उजेड छान येतो म्हणे. मोठी झाडं तर काही नेता येत नाहीत, आणि अंजलीच्या बाल्कनीत तुळस आणि कपडे एवढंच मावतं. म्हणून तुमच्याकडे पाठवलं. सारं परस कुठेतरी एका जागी, आहे तसं राहावं, एवढीच माझी इच्छा आहे. मी डोळे मिटले की ते कुठे आहे हे मला ठाऊक असावं.

मुलांकडे ह्यातलं काही बोलू नका.

कस्तुरी

सांगली
२ सप्टेंबर १९९४

कृष्णाजीराव,

बोलू नका म्हणून लिहिलं होतं, आणि तुम्ही अंजलीला चार पानी पत्र लिहिलंत! “सासूला घराबाहेर काढून तुम्हाला काय मिळणार,” असं? काल ती फोनवर ढसाढसा रडली. मुलीचे वडील म्हणून तुम्ही लग्नापासून माझ्यापुढे वाकून वागलात ते मला आवडत नव्हतंच, पण माझी बाजू घ्यायला आपल्याच लेकीला झोडपायचं? हे कुठलं व्याहीपण?

घर मी दिलं. मी. निहार पाया पडला, म्हणाला, “आई, विकू नकोस, माळी ठेवू.” अंजली म्हणाली, मी नोकरी सोडून सहा महिने सांगलीला येते. मीच नको म्हटलं.

का, तेही सांगते. कुणाला सांगितलं नव्हतं. दार उघडलं की समोर कठडा, आणि कठड्यावर कुणी नाही. रोज सकाळी. चहा टाकायचा आणि हाक गिळायची. वर्षभर केलं. मग मी मागचं दार उघडणंच बंद केलं. झाडं तहानली, मोलकरीण पुढून वळसा घालून पाणी घालायची, आणि मी आत खिडकी लावून बसायची. बाग मेली असती माझ्या हट्टापायी. मला त्या दारात उभं राहवत नाही, कृष्णाजीराव. आणि बाग मरू द्यायचीही नाही. दोन्ही खरं आहे. म्हणून पोती पाठवली.

लेकीला पत्र लिहा आणि क्षमा मागा. मला लिहायची घाई नाही.

कस्तुरी

बंगळूर
१५ जानेवारी १९९५

कस्तुरीताई,

चार महिने धीर झाला नाही. अंजलीची क्षमा मी लगेच मागितली होती. तिने केली, तुमच्याकडे तिचं मन मोठं झालं आहे. काल संक्रांत झाली, तिळगूळ पाठवतो आहे. तो घ्या आणि आणखी एक गुन्हा ऐका, कारण हाही लपवून बसलो तर मी कुठला राहिलो.

तुमचं परस उलटं झालं आहे.

झाडं जिथे लावली तिथेच आहेत. पण डिसेंबरात गेट बसवायला माणसं आली तेव्हा गंगव्वा टोपली घेऊन उभी राहिली. “अण्णा, गेट इथं केलासा तर मी कुठं बसू वो?” अकरा वर्षं ती त्या कोपऱ्यात बसते आहे. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नागराज म्हणाला, गेट पलीकडच्या टोकाला करू. सगळे सरी म्हणाले, मीही म्हणालो. गेट बाकाजवळ बसलं. संध्याकाळी आत शिरलो तर काय! पारिजातक उजवीकडे, लिंबू डावीकडे, अळू पार तिकडे टोकाला नळापाशी. तुम्ही जे आहे तसं राहावं म्हणून पोत्यात भरून पाठवलंत, ते मी मागचं पुढे करून ठेवलं. सदतीस वर्षांची नोकरी आणि दार कुठे येणार हे धड ठरवता आलं नाही!

पारिजातकाने मूळ धरलं आहे. हलवला तर जगेल की नाही सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो.

अपराधी,
कृष्णाजी

मुंबई
९ फेब्रुवारी १९९५

कृष्णाजीराव,

तिळगूळ पोचला. राग संपला, तो काही साठवायची वस्तू नव्हे.

एकही झाड हलवायचं नाही. गंगव्वाची जागा गेली नाही हे फार चांगलं झालं. माझ्यापेक्षा ती तिथे रोज बसते.

पण तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मीही सांगते. इथे आल्यापासून झोप लागेपर्यंत मी मनात परसातून फिरायची. दाराशी अळूचं पान हाताला लागायचं, मग डावीकडे वळून पारिजातक, खाली सडा आहे की नाही ते पाहायचं, मग मोगरा. कधी कधी वास यायचा, शपथेवर सांगते, चौथ्या मजल्यावर. मोगऱ्यापुढे मी कधी गेले नाही, झोप लागायची. विहिरीपर्यंत जायची वेळच यायची नाही, आणि तेच बरं होतं. तुमचं पत्र आल्यापासून मी वाट चुकते. डावीकडे वळते तर लिंबाचा काटा लागतो. मध्येच उभी राहते आणि जागी होते.

होईल सवय. अंजली तुमची मला फार जपते. बंगळूरला या म्हणून तिच्याकडून निरोप देऊ नका. मला ते पाहवेल असं वाटत नाही.

कस्तुरी

बंगळूर
२४ ऑगस्ट १९९५

कस्तुरीताई,

ह्यांना लिहायचा धीर नाही, म्हणून मी प्रमोदिनी लिहिते आहे.

आज पारिजातकाची पहिली फुलं पडली. सातच. गंगव्वाने पाहिली आणि आम्हाला उठवायला आली. कुणी उचलेना, सगळी घरं नुसती भोवती उभी. शेवटी मी एक उचललं, ते ह्या कागदात दाबलं आहे. पोचेपर्यंत पांढरं राहायचं नाही, पण देठाचा केशरी रंग कागदाला लागेल तेवढा पाहा.

दोन वर्षं गुरुवारी हे तुमच्या नावाने पाणी घालतात. पाऊस असला तरी छत्री घेऊन झारी नेतात, लोक हसतात. आता ह्यांचा खांदा धरला आहे. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं आहे. फळ्यावरून तुमचं नाव पुसायला माझा हात होत नाही. मग गुरुवारी पाणी कुणी घालायचं, ते तुम्हीच कळवा.

प्रमोदिनी

मुंबई
१६ ऑक्टोबर १९९५

कृष्णाजीराव आणि प्रमोदिनीताई,

काल सुखरूप पोचले. अंजली स्टेशनवर आली होती. तिने पहिल्यांदा माझे हात हुंगले, म्हणाली, “आई, लिंबाच्या पानांचा वास येतोय.”

पंधरा दिवस तुम्ही मला विहिणीसारखं नाही, माणसासारखं ठेवलंत. प्रमोदिनीताई, कृष्णाजीरावांचा खांदा चांगला ठणठणीत आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. ते तुमच्यासमोर गहू दळून घेऊन आले, डबा डोक्याच्या वर धरून. असं खोटं माझ्यासाठी कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं.

पहिल्या गुरुवारचं सांगायचं राहिलं. तुमच्यासमोर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुम्ही दोघं मुद्दाम मागे थांबलात आणि मी एकटी गेले. उजाडत होतं. धुकं एवढं की गेटाची कडी हाताने चाचपावी लागली. मी मान खाली घालून आत गेले, कारण उलटी बाग पाहायची माझी तयारी नव्हती. पहिल्यांदा जे हाताला लागलं त्यावर बसले. तो तुमचा बाक होता. दगड गार होता. मग मी मान वर केली.

उजव्या हाताला पारिजातक, डाव्या हाताला लिंबू. मधून वाट. वाटेच्या टोकाला अळूची पानं, आणि त्यांच्याआडून वाकून कुणी बाई पाणी भरत होती. गंगव्वाच ती. पण धुक्यात चेहरा दिसत नव्हता, नुसती बाई दिसत होती.

कृष्णाजीराव, तुम्ही काहीही उलटं केलेलं नाही. ती आमचीच बाग होती. मी जन्मभर ती दारातून पाहिली. विहिरीवरून अशी दिसते. पारिजातक उजवीकडे, लिंबू डावीकडे, आणि समोर दार. चाळीस वर्षांत मी त्या कठड्यावर एकदा बसले नव्हते. बसायला वेळ कुणाला होता?

किती वेळ गेला कोण जाणे. प्रमोदिनीताईंनी कॉफीची किटली पाठवली असावी. गंगव्वा उभी राहिली, एक हात कमरेवर, दुसऱ्याने पदर सावरत, आणि तिने तिथून हाक मारली, “अक्का, कापी बंतु! या वो!”

मी मान वर केली. उठावंसं वाटेना. टोकाला पानांमध्ये उभी राहून एक बाई आपल्याला हाक मारते आहे, आणि ती पुन्हा मारणार हे आपल्याला ठाऊक आहे. उठलं की ती आत जाणार. आमचे हे कठड्यावरून बाग नव्हते पाहत हो. मी वेडी, रोज विचारायची आणि रोज खरं मानायची.

गंगव्वाने दुसरी हाक मारली. मला हसू आलं आणि रडूही आलं.

तिसऱ्या हाकेला उठले. कॉफीवर साय धरली होती. तशीच प्यायले, मग झारी भरली आणि पारिजातकापासून सुरुवात केली.

फळ्यावरचं नाव राहू द्या. संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मी येते आहे, निहारने तिकीट काढलं आहे. तोवर माझी पाळी गंगव्वाला द्या.

आपली,
कस्तुरी